स्पर्धात्मक बॅडमिंटनमधलं करिअर: खेळाडू आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी खेळलं जाणारं बॅडमिंटन आणि मानांकनासाठी खेळलं जाणारं बॅडमिंटन, यात फूल (शटलकॉक) आणि जाळं सोडलं तर फारसं सामाईक नाही. खालची उत्तरं दुसऱ्या प्रकारासाठी आहेत. महाराष्ट्रातला खेळाडू आणि त्याचे आईवडील डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना दोन ओळी पुरत नाहीत.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

सात ते नऊ. सहाव्या वर्षी हातात रॅकेट दिली तरी हरकत नाही, पण त्या वयात खरं काम रॅकेटचं नसतं. दोरीवरच्या उड्या, पकडापकडी, चेंडू फेकणं-झेलणं हे महत्त्वाचं. ज्याला हात डोक्यावरून मागे नेऊन चेंडू लांब फेकता येत नाही, त्याचा स्मॅश पुढे कधीच नीट बसत नाही, कारण दोन्हींत खांदा, कोपर आणि मनगट त्याच क्रमाने चालतात. बाराव्या वर्षी सुरू करून जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणारी मुलं आहेत. एकेरीत देशातल्या पहिल्या काहींत जायचं असेल तर मात्र बारा हे उशिराच.

मूल पुढे जाईल की नाही, हे कधी कळतं?

पालकांना वाटतं त्यापेक्षा बरंच उशिरा. १३ वर्षांखालच्या गटात जिंकणारा बहुतेकदा लवकर उंच झालेला, जोरात मारणारा मुलगा असतो. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि जोराचा फायदा संपतो. म्हणून बारा-तेराव्या वर्षी निकालाच्या कागदाऐवजी तीन गोष्टी बघाव्यात: मागच्या कोपऱ्यातून मारल्यावर मूल मधल्या जागेवर किती लवकर परततं, नेटजवळ फूल जाळ्याच्या वरच्या पट्टीजवळ घेतं की खाली पडू देतं, आणि १५-१९ ने मागे असताना सर्व्हिस करण्यापूर्वी काय करतं. तिसरी सगळ्यात अवघड, आणि ती शिकवण्याचा खात्रीचा मार्ग कुणाकडेच नाही.

खरी चाळणी १९ वर्षांखालचा गट संपल्यावर लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच.

अधिकृत स्पर्धा खेळायला काय लागतं?

आधी जिल्हा संघटनेची नोंदणी, तिच्यामार्फत महाराष्ट्र बॅडमिंटन असोसिएशनची, आणि मग भारतीय बॅडमिंटन संघटनेचा, म्हणजे ‘बाई’चा, ओळख क्रमांक. तो मिळाला की प्रवेशिका ऑनलाइन भरल्या जातात. कागदपत्रांत जन्मदाखला, आधार कार्ड, फोटो आणि रहिवासाचा पुरावा लागतो.

अडकतं ते जन्मदाखल्यापाशी. जन्मानंतर अनेक वर्षांनी नोंद झालेल्या दाखल्याकडे संशयाने बघितलं जातं, कारण वयचोरी हा या खेळाचा जुना रोग आहे. २०२२ मध्ये ‘बाई’ला वय स्वतःहून दुरुस्त करून घेण्याची योजना आणावी लागली, यावरून त्याचं प्रमाण ओळखा. नाव, आडनाव आणि जन्मतारीख दाखल्यावर, आधारवर, शाळेच्या रजिस्टरमध्ये आणि पासपोर्टवर अक्षरशः सारखी हवी. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं असलं तरी ऐन स्पर्धेच्या आठवड्यात पळापळ होते. हे सगळं दहाव्या वर्षाच्या आत निस्तरून टाका.

वयोगट कसा मोजायचा?

कॅलेंडर वर्षावर. ज्या वर्षात मूल १५ पूर्ण करणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते १५ खालच्या गटातून बाहेर. म्हणजे २०२५ मध्ये १५ खाली खेळायला जन्म १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतरचा हवा. जानेवारीत जन्मलेल्याला गटात जवळपास वर्षभराचा फायदा मिळतो, डिसेंबरवाल्याला तेवढाच तोटा. निकाल वाचताना हे लक्षात असू द्या. शालेय स्पर्धांचे गट वेगळे आहेत: १४, १७ आणि १९.

जिल्ह्यापासून देशाच्या संघापर्यंतचा रस्ता कसा आहे?

जिल्हा स्पर्धा, राज्य मानांकन स्पर्धा, राज्य अजिंक्यपद, मग अखिल भारतीय मानांकन स्पर्धा आणि राष्ट्रीय अजिंक्यपद. राज्याचा संघ राज्य मानांकनावरून आणि निवड चाचणीवरून ठरतो. अखिल भारतीय स्पर्धांत नव्या खेळाडूला पात्रता फेरीतून यावं लागतं. १५ आणि १७ खालच्या गटांत तिथे प्रवेशिकांचा पूर असतो. मुख्य फेरीत नाव लागायच्या आधीच तीन-चार सामने जिंकावे लागतात, कधी एका दिवसात दोन-दोन.

इथे परतीचं तिकीट हा एक कायमचा घोळ असतो. पात्रता फेरी शनिवारी सुरू होते, मूल कधी हरेल ते सांगता येत नाही, आणि अंतिम सामना पुढच्या रविवारी. अनुभवी पालक पात्रता फेरी संपते त्या दिवसाचं एक आणि स्पर्धा संपते त्या दिवसाचं एक, अशी दोन आरक्षणं करतात आणि नको ते रद्द करतात. थोडे पैसे जातात, पण गोरखपूर किंवा विजयवाड्यात तात्काळ तिकिटासाठी पहाटे उठावं लागत नाही.

पुण्यात होणारी सुशांत चिपळकट्टी स्मृती ज्युनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मोठी सोय आहे. परदेशी मुलांशी खेळायला विमानाचं तिकीट लागत नाही.

हैदराबाद किंवा बंगळुरूला पाठवावं का?

हा प्रश्न तेराव्या-चौदाव्या वर्षी घरोघरी येतो. बंगळुरूची प्रकाश पदुकोण अकादमी १९९४ पासूनची, हैदराबादची गोपीचंद अकादमी २००८ पासूनची, आणि गुवाहाटीला ‘बाई’चं राष्ट्रीय केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे मुख्य फायदा मिळतो तो जोडीदारांचा. तुमच्यापेक्षा बरे दहा खेळाडू रोज समोर असतात. प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी एकट्या मुलाला फुलं फेकून देऊन सामना खेळायला शिकवता येत नाही.

तोटाही नीट समजून घ्या. मोठ्या अकादमीत चार थर असतात. वरच्या थराकडे मुख्य प्रशिक्षक बघतो, खालच्या थराकडे सहायक. खालच्या थरात तीन वर्षं काढून परत आलेली मुलं कमी नाहीत. पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: मूल कोणत्या गटात बसेल, त्या गटात एका कोर्टावर किती जण असतात, आणि वरच्या गटात जायची चाचणी किती महिन्यांनी होते. एका कोर्टावर सहापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन तासांत प्रत्यक्ष खेळायला चाळीस-पन्नास मिनिटंच मिळतात.

महाराष्ट्रात राहून होतच नाही असं नाही. चिराग शेट्टीचा पाया मुंबईत गोरेगावच्या उदय पवार अकादमीत घातला गेला, हैदराबाद नंतर आलं. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं. आमचं मत असं, की राज्यात आपल्या गटात पहिल्या चारांत आल्याशिवाय घर सोडण्याची घाई करू नये. त्याआधी गरजेचे जोडीदार जिल्ह्यातच सापडतात.

रोजचा सराव किती?

दहा वर्षांपर्यंत आठवड्याला चार-पाच दिवस, दीड तास. तेरा ते पंधरा: सहा दिवस, त्यातले तीन-चार दिवस दोन सत्रं. सोळानंतर सकाळी अडीच तास कोर्टवर, संध्याकाळी दोन तास, आणि आठवड्यात तीनदा व्यायामशाळा. रविवार सुट्टी म्हणजे सुट्टीच.

एका चांगल्या सकाळच्या सत्रात पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करणं आणि शॅडो असते. शॅडो म्हणजे रॅकेट घेऊन पण फुलाशिवाय सहा कोपऱ्यांत पळणं. ते वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत करतात. एका दमात पाच मिनिटं केलं की पाय आळसावतात आणि चुकीचीच सवय लागते. मग मल्टी-शटल: एका वेळी प्रशिक्षकाने एकामागून एक दिलेली वीस फुलं, मधे चाळीस ते साठ सेकंद विश्रांती. शेवटी सामन्यासारखा खेळ, पण बंधन घालून. उदाहरणार्थ, एकाने फक्त मागच्या दोन कोपऱ्यांतून मारायचं आणि दुसऱ्याने कुठूनही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सर्व्हिस आणि रिसीव्हकडे. दुहेरीत पहिल्या तीन फटक्यांतच बहुतेक गुण ठरतात, तरी रोज पन्नास सर्व्हिस मोजून टाकणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत. फूल मारताना ते संपूर्ण जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. ही उंची सरावात भिंतीवर पट्टी चिकटवून पक्की करा, म्हणजे स्पर्धेत सर्व्हिस जजने हात वर केला की गडबडायला होत नाही.

दहावी-बारावीचं काय?

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि स्पर्धांचं वेळापत्रक बोर्डाला विचारून ठरत नाही. हजेरीचा प्रश्न सुटत नसेल तर खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा मार्ग आहे, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय. फॉर्मच्या तारखा परीक्षेच्या कितीतरी आधी येऊन जातात, तेव्हा शाळेत वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

सवलतीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो. प्रमाणपत्राची मूळ प्रत, स्पर्धेचा निकाल आणि प्रवेशपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. लॅमिनेशन करू नका, शिक्के आणि सह्या तपासताना त्याचा त्रास होतो.

शिक्षण सोडून पूर्णवेळ खेळायचा निर्णय दहावीच्या आधी घेऊ नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. पदवी नसेल तर खेळाडू कोट्यातली नोकरीसुद्धा खालच्या पदावर मिळते.

महिन्याला खर्च किती येतो?

शिकवणीचं शुल्क गावागणिक बदलतं, त्यामुळे त्याचा आकडा देण्यात अर्थ नाही. पालकांचा अंदाज चुकतो तो फुलांत. पिसांच्या फुलांचा हिशेब असा: एका सत्रात एका मुलाच्या वाट्याची दोन फुलं, दिवसाला दोन सत्रं, महिन्याचे पंचवीस दिवस. झाली शंभर फुलं, म्हणजे आठहून जास्त बॅरल (बारा फुलांचे डबे). स्पर्धेच्या दर्जाच्या बाराच्या बॅरलला दोन हजार रुपये धरले तरी सतरा हजारांच्या आसपास जातात. बदक आणि हंसाच्या पिसांचा तुटवडा पडल्यापासून किमती वाढतच गेल्या आहेत. म्हणून मल्टी-शटलला वापरलेली फुलं आणि सामन्याला नवी, अशी वाटणी सगळीकडे करतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना सरावाला नायलॉनचं फूल चालतं, पण स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी पिसांच्या फुलावर यावं. नायलॉनचं फूल मारल्यावर उशिरा मंदावतं, त्यामुळे नेटवरचा अंदाज बिघडतो.

बाकी खर्च: जोरात मारणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटची गट, म्हणजे तार, महिन्याला तीन-चार वेळा तुटते. बूट चार ते सहा महिन्यांत झिजतात, आधी पुढच्या पायाच्या अंगठ्याखाली. आणि अखिल भारतीय स्पर्धेच्या प्रत्येक वारीला दोन माणसांचा प्रवास, सात-आठ दिवसांची राहणी, जेवणं. वर्षात अशा सहा-सात वाऱ्या होतात.

रॅकेट कोणती, गटिंग किती पाउंडांचं?

महाग रॅकेटने खेळ सुधारत नाही, जड रॅकेटने खांदा मात्र बिघडतो. लहान मुलांना ५यू, म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. पंधरानंतर ४यू, ८० ते ८४ ग्रॅम. ३यू ही ८५ ते ८९ ग्रॅमची, ती पूर्ण वाढ झालेल्या एकेरीच्या खेळाडूसाठी.

गटिंग, म्हणजे तारांचा ताण: दहा-बारा वर्षांना १८ ते २० पाउंड, तेरा-पंधराला २२ ते २४, मोठ्यांना २६ ते ३०. ताण वाढवला की गोड जागा (फटका सगळ्यात नीट बसतो तो मधला भाग) लहान होते. मधोमध मारणाऱ्याला नियंत्रण मिळतं, बाकीच्यांचं कोपर दुखतं. ‘अमुक खेळाडू ३० वर खेळतो’ म्हणून चौदा वर्षांच्या मुलाने ३० करून घेणं ही टेनिस एल्बोला दिलेली पत्रिका आहे. ०.७० मिलिमीटरची गट जास्त टिकते, ०.६५ ची जास्त उसळते आणि लवकर जाते.

सामन्यात गट तुटली तर बाजूला गेल्यावर उरलेल्या तारा लगेच कापून टाका, मधून बाहेरच्या दिशेने. एका बाजूचा ताण तसाच राहिला तर फ्रेम वाकडी होते आणि पुढच्या गटिंगला ‘टक्’ आवाज करून घड्याळात दहा असतात त्या जागी तडकते. बॅगेत सारख्या ताणाच्या निदान तीन रॅकेट हव्यात. उन्हात उभ्या गाडीत रॅकेट ठेवू नका, गट सैल पडते.

गावोगावी फूल वेगवेगळं का उडतं?

गरम आणि उंचीवरची हवा विरळ असते, तिच्यात फूल लांब जातं. म्हणून वेगाचे क्रमांक असतात: काही कंपन्यांत १ ते ५, काहींत ७५ ते ७९. आकडा जितका मोठा तितकं फूल वेगवान. साधारण २७ ते ३३ अंश तापमानाला २ किंवा ७६ चालतं. नागपुरात मे महिन्यात आणि पुण्यात जानेवारीत एकच फूल वापरलं तर एकीकडे टॉस (मागच्या रेषेपर्यंत उंच मारलेले फटके) बाहेर जातील, दुसरीकडे मधेच पडतील.

तपासणी सोपी आहे. मागच्या रेषेवरून खालच्या हाताने, वर आणि बाजूच्या रेषेला समांतर असा पूर्ण जोराचा फटका मारा. फूल समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं पाहिजे. स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्या सरावात हेच करा, आणि एसीचा वारा कोणत्या बाजूने येतो ते बघा. नाणेफेक जिंकली की सर्व्हिसऐवजी बाजू निवडायची का, हे त्यावर ठरतं. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात. आदल्या रात्री बॅरलची दोन्ही झाकणं काढून काही सेकंद वाफ दिली तर फुलं जास्त टिकतात.

आंतरराष्ट्रीय क्रमवारी कशी चालते?

मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण. बरोबर वर्षाने जुने गुण गळतात, म्हणून मागच्या वर्षी जिंकलेली स्पर्धा या वर्षी चुकली की क्रमांक धाडकन खाली येतो.

स्पर्धांच्या दर्जाप्रमाणे विजेत्याचे गुण खालून वर असे: फ्यूचर सिरीज १७००, इंटरनॅशनल सिरीज २५००, इंटरनॅशनल चॅलेंज ४०००, सुपर १०० ला ५५००, सुपर ३०० ला ७०००, सुपर ५०० ला ९२००, सुपर ७५० ला ११,००० आणि सुपर १००० ला १२,०००. या तक्त्यात एक गंमत दडलेली आहे. सुपर ३०० च्या मुख्य फेरीत एक सामना जिंकून शेवटच्या सोळांत हरलात तर २७५० मिळतात. इंटरनॅशनल सिरीज अख्खी जिंकून २५०० च. सुपर १०० ची उपांत्यपूर्व फेरी ३०३० ची. म्हणजे सोप्या स्पर्धा जिंकत बसण्याने क्रमवारी एका मर्यादेपर्यंतच चढते. सुरुवातीला सिरीज आणि चॅलेंज खेळून प्रवेशापुरता क्रमांक मिळवायचा, मग लखनौची सय्यद मोदी, कटक आणि गुवाहाटीच्या सुपर १०० अशा देशातल्या स्पर्धांत हात मारायचा. भारतीय खेळाडूला हा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका.

प्रवेशिका ‘बाई’मार्फतच जातात, कित्येक आठवडे आधी. ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते) पडल्यावर माघार घेतली तर दंड बसतो.

बक्षिसांवर घर चालतं का?

वरच्या तीस-चाळीस जणांचं. बाकीच्यांचं नाही. सुपर १०० मध्ये एकूण बक्षीस एक लाख डॉलर धरा. एकेरीच्या विजेत्याला त्यातले ७.५ टक्के, ७५०० डॉलर. उपविजेत्याला ३८००, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला १४५०, उपांत्यपूर्व फेरीत ६००, शेवटच्या सोळांत ३५०. पहिल्या फेरीत काहीच नाही. ६०० डॉलरमधून कर वजा करा आणि विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा मांडा. स्पर्धेत शेवटच्या आठांत येऊनही खिशातून पैसे जातात. दुहेरीच्या विजेत्या जोडीला थोडी जास्त रक्कम मिळते, पण ती दोघांत वाटायची.

१९ वर्षं पूर्ण झाल्यावर नेमकं काय बदलतं?

सगळंच. ज्युनियर गटातलं मानांकन एका १ जानेवारीला शून्य होतं. समोर अठ्ठावीस वर्षांचे, दहा वर्षं मोठ्या गटात खेळलेले खेळाडू येतात. ज्युनियर असताना राज्य आणि प्रायोजक थोडाफार हात देतात. मोठ्या गटात निकाल लागेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि परदेशी स्पर्धांचा खर्च मात्र याच तीन वर्षांत सुरू होतो. एकोणीस ते बावीस या टप्प्यावर गळती होते ती जास्त करून पैशांमुळे आणि थोडी गुडघ्यांमुळे. खेळ येत नाही म्हणून सोडणारे त्यामानाने कमी.

त्याची तयारी सोळाव्या वर्षी करायची. सतरा-अठराव्या वर्षीच वरिष्ठ राज्य स्पर्धा आणि वरिष्ठ अखिल भारतीय स्पर्धांची पात्रता फेरी खेळायला लागा, हरलात तरी चालेल. घरच्यांनी या तीन वर्षांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी. १३ खालच्या गटात दरमहा परगावी जाऊन पैसे संपवण्यापेक्षा ते इथे कामी येतात. लहान वयात खर्चाचा सपाटा लावून विसाव्या वर्षी हात टेकणारी घरं आम्ही सर्रास बघतो.

आधाराचे स्रोत: खेलो इंडियात निवड झाली तर महिना १०,००० रुपये हातखर्च आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. केंद्राच्या ‘टॉप्स’ (टार्गेट ऑलिंपिक पोडियम) योजनेच्या मुख्य गटात महिना ५०,०००, विकास गटात २५,०००, पण तिथे ऑलिंपिकच्या टप्प्यातलेच पोचतात. विमानतळ प्राधिकरण आणि तेल कंपन्या तरुण खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात.

खेळाडू कोट्यातली नोकरी कशी मिळते?

रेल्वे, तेल कंपन्या, प्राप्तिकर, लेखा विभाग, टपाल हे जुने मालक. रेल्वेची जाहिरात आली की वरिष्ठ किंवा ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी, मग चाचणी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पद जितकं वरच्या गटातलं तितकी कामगिरी वरच्या पातळीची लागते, आणि नुसता सहभाग बहुतेक ठिकाणी पुरत नाही.

अर्जाआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर पडताळणीला धावणारे बहुधा मुदत चुकवतात. पदक मिळालं त्याच वर्षी प्रस्ताव टाका. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हेही तेव्हाच कळतं. चकचकीत ट्रॉफी देणाऱ्या पुष्कळ ‘राष्ट्रीय’ स्पर्धांची प्रमाणपत्रं इथे रद्दीत जातात.

एकेरी की दुहेरी?

पंधरापर्यंत दोन्ही खेळा. नंतर शरीर आणि स्वभाव सांगतात. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेल्यापासून दुहेरीकडे ‘एकेरीत जमलं नाही’ म्हणून बघणं कमी झालं आहे, आणि झालं ते बरंच झालं. मात्र दुहेरीची क्रमवारी जोडीची असते. जोडी फुटली की मिळवलेलं बरंचसं मागे राहतं. म्हणून जोडीदार निवडताना स्मॅशच्या आधी त्याचं गाव, अकादमी आणि पुढच्या दोन वर्षांचा बेत विचारा.

कोणत्या दुखापती होतात?

वयाप्रमाणे. अकरा ते पंधरा: गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा, ऑसगुड-श्लॅटर. वाढीच्या वेगात हाड लांब होतं आणि स्नायूची दोरी मागे पडते. उड्या आणि लंज (एक पाय लांब पुढे टाकून वाकणं) कमी करा, मांडीचा पुढचा स्नायू ताणा, काही महिन्यांत सुटतं. चौदा ते अठरा: कंबर मागे वाकवल्यावर एका बाजूला दुखणं. तीन आठवड्यांच्या वर टिकलं तर ‘स्नायू धरला असेल’ म्हणत बसू नका. मणक्यात ताणाने पडलेली चीर असू शकते, अस्थितज्ज्ञाला दाखवा. मोठ्यांत घोटा, खांदा, गुडघ्याची दोरी.

घोटा मुरगळला की सूज उतरली म्हणजे बरं झालं असं समजून मुलं परततात आणि सहा आठवड्यांत पुन्हा मुरगळतात. परतायची कसोटी: डोळे मिटून त्या पायावर तीस सेकंद उभं राहता येतं का, आणि एकाच पायावर दहा उड्या दुसऱ्या पायाइतक्याच सहज जमतात का.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत लाकडी कोर्टवर दव धरल्यासारखा ओलावा येतो. बुटाचे तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडे करूनच उतरा, आणि रस्त्यावरचे बूट कोर्टवर कधीच नकोत.

खोकल्याच्या औषधाने बंदी येऊ शकते, हे खरं का?

खरं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी घातलेलं आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणावर गेलं तर स्पर्धेच्या काळात चालत नाही. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धाकाळात बंदीत आलं. औषध देताना डॉक्टरला ‘मी खेळाडू आहे’ हे सांगा, बाटलीवरचे घटक वाचा, चिठ्ठी जपून ठेवा. औषध टाळता येत नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करायचा असतो. चाचणीला नकार देणं हाही गुन्हाच, आणि वय लहान असल्याने चाचणी टळत नाही. जिममधल्या कुणीतरी दिलेल्या पावडरचा डबा घरात आणूच नका.

पालकांनी सामन्याच्या वेळी काय करावं?

पाणी, केळी, कोरडा टीशर्ट द्यावा. प्रत्येक गुणानंतर मूल गॅलरीकडे बघत असेल तर जागा बदलावी. हरल्यावरचं विश्लेषण गाडीत नको, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकासमोर.

दिव्यांग खेळाडूंसाठी वेगळा मार्ग आहे का?

आहे, आणि तो चांगलाच रुळला आहे. टोकियोच्या पॅरालिम्पिकपासून पॅरा बॅडमिंटन तिथे आहे. मुंबईची मानसी जोशी २०१९ मध्ये जगज्जेती झाली, सांगली जिल्ह्याचा सुकांत कदम वर्षानुवर्षं जगातल्या अव्वल खेळाडूंत आहे. सुरुवात वर्गीकरणाने होते. कोणत्या गटात खेळायचं ते तज्ज्ञ तपासून ठरवतात, त्यासाठी वैद्यकीय अहवाल सोबत लागतात.

खेळणं थांबल्यावर काय?

प्रशिक्षक, पंच, फिटनेस, अकादमी चालवणं. प्रशिक्षकासाठी एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि जागतिक महासंघाचा पहिला, दुसरा स्तर. पंचाचा रस्ता जिल्ह्यापासून राज्य, राष्ट्रीय आणि मग आंतरराष्ट्रीय असा परीक्षांमधून जातो. त्यात पैसा कमी, पण लवकर सुरू केलं तर पल्ला लांब.

अकादमी काढणाऱ्यांनी आधी वीजबिल आणि छताची उंची बघावी. भाड्याने मिळणाऱ्या गोदामांची छतं बऱ्याचदा कमी उंचीची असतात, टॉस लोखंडाला लागतो, आणि चांगले खेळाडू दोन महिन्यांत निघून जातात.

वय २१, देशात पहिल्या पन्नासच्या बाहेर. थांबावं का?

तीन गोष्टी कागदावर लिहा. मागच्या बारा महिन्यांत तुमच्यापेक्षा वरच्या किती जणांना हरवलं, किती सामने दुखापतीने सोडले, आणि पुढच्या बारा महिन्यांचे पैसे कुठून येणार. वरच्यांना हरवताय आणि पैसे आहेत, तर एक वर्ष द्या, आणि ते वर्ष कोणत्या तारखेला संपणार हे आत्ताच ठरवा. वरच्यांना हरवत नाही पण तब्येत ठणठणीत आहे, तर दुहेरीचा विचार करा. पैसेच नाहीत, तर आधी रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या जाहिराती बघा. नोकरी करत खेळणाऱ्यांना खात्यातून सुट्टी, सराव आणि आंतरखातेय स्पर्धा मिळतात, आणि तिथून वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडंच असतं.